पांढरकवड्याहून दुबई: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ आपल्या दारापासून कसा मोजायचा

माझं ऑनलाइन सेवेचं दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला, नागपूर-हैदराबाद हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. सातबारा, पीकविमा, ई-केवायसी, झेरॉक्स, आणि महिन्यातून चार-पाच वेळा विमानाचं तिकीट. आयटीआय करून आखातात गेलेली पोरं तालुक्यात बरीच आहेत. आता त्यांचे आईबाप त्यांना भेटायला निघतात.

मागे एक काकाजी आले. मुलगा दुबईत एसी दुरुस्तीचं काम करतो. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "भाऊ, इमान किती टाइम घेते?" मी फोनवर बघून सांगितलं, मुंबईपासून सव्वातीन तास, एकोणीसशे तीस किलोमीटर. काकाजी खूश. "म्हंजे सकाई जेवून निंगालो त दुपारी पोराकडे."

त्यांचं चुकलं नव्हतं, उत्तरच अपुरं होतं. फोन जे सांगतो ते दोन विमानतळांमधलं असतं, आणि आपण विमानतळावर राहत नाही. आमच्या इथून लालपरीनं नागपूर गाठायला तीन-साडेतीन तास जातात. तेवढ्यात विमान मुंबईहून उठून अरबी समुद्र ओलांडतं. म्हणून मी आता गिऱ्हाइकाला वहीच्या पानावर सगळा हिशेब मांडून देतो. तोच इथे लिहितो. उदाहरण दुबईचं घेतलंय, पण रीत बँकॉकला आणि सिंगापूरलाही तीच.

आधी विमानतळ पक्का करा

"मुंबई ते दुबई" एवढ्यावर तिकीट निघत नाही. मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. जुन्याचा तिकिटावरचा कोड बीओएम आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबईचा एनएमआय. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं तिकीट चुकून काढलंत, तर मधला रस्ता तुमच्या माथी. जुन्या विमानतळातही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. बॅगा घेऊन पायी जाण्याजोगं ते अंतर नाही. परदेशाची विमानं टर्मिनल २ वरून सुटतात.

तिकडे दुबईचा मुख्य विमानतळ डीएक्सबी, आणि शहराबाहेर अल मक्तूम, त्याचा कोड डीडब्ल्यूसी. शेजारच्या शारजाचा एसएचजे. शारजाचं तिकीट बऱ्याचदा स्वस्त दिसतं आणि मुलगा देरा भागात राहत असेल तर ते सोयीचंही पडतं. पण सकाळी-संध्याकाळी शारजा-दुबई रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो, तेव्हा घ्यायला येणाऱ्याला आधी विचारा.

आपल्या बाजूला नागपूर, कोड एनएजी. सोनेगावचा विमानतळ वर्धा रोडवर आहे, म्हणजे आपल्याकडून जाताना बुटीबोरी सोडली की शहराच्या अलीकडेच. तरी लोक गणेशपेठच्या स्टँडपर्यंत जाऊन ऑटोनं उलटे येतात. ड्रायव्हरला सांगून खापरीला किंवा एअरपोर्ट मेट्रो स्टेशनजवळ उतरून घ्या, निदान अर्धा-पाऊण तास वाचतो.

अंतर कागदावर काढणे

फोनवर मिळतं ना, मग कशाला काढायचं, असं कुणीही म्हणेल. पण वेगवेगळ्या साइट वेगवेगळे आकडे दाखवतात. एक रस्त्याचं अंतर देते, दुसरी शहराच्या मध्यापासूनचं, तिसरी विमानतळापासूनचं. एकदा स्वतः काढून पाहिलं की कोणता आकडा कशाचा, ते कळतं. शिवाय दहावीपर्यंतचं गणित पुरतं.

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला ३६० नं भागलं की एका अंशाचे १११ किलोमीटर निघतात. उत्तर-दक्षिण जाताना हा १११ चा आकडा सगळीकडे चालतो. पूर्व-पश्चिम जाताना मात्र विषुववृत्तापासून जसजसं वर जावं तसतसा अंश आखूड होत जातो, रेखावृत्तं ध्रुवाकडे गोळा होतात म्हणून. किती आखूड, ते अक्षांशाच्या 'कॉस'वरून कळतं. फोन आडवा धरला की बहुतेक फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये ते बटण दिसतं.

आता मुंबई-दुबई. नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की आकडे येतात. मुंबई १९.१ उत्तर, ७२.९ पूर्व. दुबई २५.३ उत्तर, ५५.४ पूर्व. अक्षांशांतला फरक ६.२, रेखांशांतला १७.५. दोन्ही अक्षांशांची सरासरी २२.२, त्याचा कॉस ०.९२६. १११ गुणिले ०.९२६ म्हणजे १०३ किलोमीटर, हा या पट्ट्यातला पूर्व-पश्चिम अंश.

उत्तरेकडचं अंतर ६.२ × १११ = ६८८. पश्चिमेकडचं १७.५ × १०३ = १,८०२. हा झाला काटकोन त्रिकोण, आणि विमान जातं त्याच्या कर्णावरून. ६८८ चा वर्ग ४,७३,३४४. १,८०२ चा वर्ग ३२,४७,२०४. बेरीज ३७,२०,५४८, आणि वर्गमूळ १,९२९. गोल पृथ्वीचं मोठं सूत्र वापरलं तर १,९२६ येतात. तीन किलोमीटरचा फरक! माझ्या मुलीनं हे गणित वहीत केलं तेव्हा तिला पायथागोरसबद्दल पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली.

याच रीतीनं नागपूर-दुबई साधारण २,४६० किलोमीटर येतात.

ही रीत लांबच्या अंतराला मात्र दगा देते. दिल्ली-टोकियो या पद्धतीनं साडेपाच-सहा हजारांच्या दरम्यान, नेमकं म्हणाल तर ५,९५० च्या आसपास येतं. खरं अंतर ५,८६० आहे. नव्वद किलोमीटर जास्त, कारण आपण गोल पृथ्वी सपाट धरली. हे डोळ्यांनी बघायचं तर जिल्हा परिषद शाळेतला पृथ्वीगोल मागून आणा. त्यावर दोरा दिल्लीपासून टोकियोपर्यंत ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ ओढली तर जी गावं लागतात त्यांच्या पुष्कळ उत्तरेकडून दोरा जातो. तोच खरा जवळचा रस्ता, आणि वैमानिक साधारण त्याच्याच धोरणानं जातात. साधारण म्हणायचं कारण, आकाशातही ठरलेले मार्ग असतात, उतरायच्या आधी चकरा असतात, आणि कधी एखाद्या देशाचं आकाशच बंद असतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून आखाताकडे जाणारी विमानं गुजरातवरून अरबी समुद्राकडे वळसा घेऊ लागली. मुंबई-दुबईचा मार्ग समुद्रावरूनच असल्यानं त्याला फारसा धक्का लागला नाही.

अंतरावरून वेळ

या मार्गावरची नेहमीची विमानं उंचावर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटरनं जातात. पण विमान एसटीसारखं स्टँडवरून निघाल्याबरोबर वेग घेत नाही. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, उतरल्यावर दारापर्यंत येणं, या सगळ्याला ठोकळ ४० मिनिटं धरा. तिकिटावरची वेळ दार सोडल्यापासून दाराला लागेपर्यंतची असते.

त्यात वारा. पावसाळा सोडला तर आपल्या डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात तर फारच. दुबईला जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीवर. ताशी ८० किलोमीटरचा वारा धरू. जाताना जमिनीच्या हिशेबानं वेग उरला ७५०. १,९३० भागिले ७५० म्हणजे २ तास ३४ मिनिटं, वर ४०, एकूण ३ तास १४ मिनिटं. येताना वेग ९१०, म्हणजे २ तास ७ मिनिटं, वर ४०, एकूण २ तास ४७ मिनिटं. वेळापत्रकं काढून बघा, जायला सव्वातीन-साडेतीन आणि यायला तीनच्या आसपासच दिसेल. पूर्वेकडे बँकॉक, सिंगापूरला जाताना हे उलटं होतं.

घड्याळ

इथे सगळ्यात जास्त लोक गोंधळतात. तिकिटावर निघायची वेळ निघत्या गावची आणि पोचायची वेळ पोचत्या गावची छापतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, दुबई चार तास पुढे.

समजा मुंबईहून पहाटे ४:०० ला उडालं आणि दुबईला ५:५० ला उतरलं. दिसायला एक तास पन्नास मिनिटं. त्यात दीड तास मिळवा, खरा वेळ ३ तास २० मिनिटं. येताना दुबईहून रात्री १०:०० ला निघून मुंबईला २:३० ला पोचणं म्हणजे दिसायला साडेचार तास, त्यातून दीड वजा, खरे तीन. पश्चिमेला जाताना मिळवायचं, परत येताना वजा करायचं. बँकॉक आपल्या दीड तास पुढे, सिंगापूर अडीच, टोकियो साडेतीन. तिथे जाताना वजा, येताना बेरीज.

पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी.

मध्यरात्रीची तारीख

यावर मी जरा थांबतो, कारण ही चूक माझ्याच हातून झाली आहे.

एका पोराचं तिकीट काढलं होतं. १५ तारीख, ००:४०. मी घाईत होतो, कापूस विक्रीच्या नोंदणीला रांग लागली होती. तोंडी सांगितलं, "पंधरा तारखेला रात्री आहे." तो पंधराला दुपारी घरून निघाला. आईनं दशम्या बांधून दिल्या, गावातली चार पोरं मोटारसायकलवर हायवेपर्यंत सोडायला आली. मुंबईच्या विमानतळाच्या दारावर शिपायानं तिकीट बघितलं आणि सांगितलं, हे विमान काल रात्रीच गेलं. ००:४० म्हणजे पंधरा तारीख सुरू होऊन चाळीस मिनिटं झालेली. आपल्या बोलण्यात ती चौदाची रात्र. आपल्याकडे दिवस उजाडल्याशिवाय तारीख बदलत नाही, विमानवाल्यांकडे बाराला बदलते. नव्या तिकिटाचे अर्धे पैसे मी दिले. तो नाही म्हणत होता, पण त्याच्याकडून पूर्ण पैसे माझ्याच्यानं घेववले नाहीत.

तेव्हापासून रात्री बारा ते पहाटे पाचच्या मधलं तिकीट असलं की मी छापील कागदावर पेनानं मोठ्या अक्षरात लिहितो: "१४ तारखेला (मंगळवारी) दुपारी घरून निघायचं." वारासकट. तारखेत गफलत होते, वारात होत नाही, कारण मंगळवारी आमच्याकडे बाजार.

रस्ता कोणता धरावा

नागपूरहून थेट आखाताचं विमान त्या दिवशी मिळत असेल तर दुसरा विचार करू नका, भाडं थोडं जास्त असलं तरी. थेट नसेल तर तीन वाटा.

मुंबईवरून: नागपूर-मुंबई हवेतून सुमारे ६८५ किलोमीटर, पुढे १,९३०. एकूण २,६१५. दुबईच्या दिशेतच असल्यानं वळसा जेमतेम दीडशे किलोमीटरचा.

दिल्लीवरून: आधी ८५० उत्तरेला, मग सुमारे २,१८५. एकूण ३,०३५. तिकीट कधी स्वस्त दिसतं, पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं आणि पुढचं विमान हुकायची भीती असते. म्हातारी माणसं असतील तर मी त्या दोन महिन्यांत दिल्लीवरून तिकीट काढतच नाही.

हैदराबादवरून: हे नागपुरात बसून सुचत नाही, आमच्या केळापूर तालुक्यात, म्हणजे पांढरकवड्यात बसून सुचतं. आपण हायवेवर आहोत. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण, आदिलाबाद, आणि सरळ हैदराबाद, रस्त्यानं साडेतीनशेच्या घरात. तिथून दुबई हवेतून २,५५०, एकच विमान. रात्रीच्या बसनं गेलं की सकाळी हैदराबाद. विमानतळ शहराच्या पलीकडे दक्षिणेला शमशाबादला आहे, तेव्हा शहर पार करायचे दोन तास वेगळे ठेवा. दोन विमानं बदलायची धास्ती असणाऱ्याला मी हाच रस्ता सांगतो. बॅग एकदाच द्यायची, एकदाच घ्यायची.

मुंबईपर्यंत रेल्वेनं जाणारेही आहेत. विदर्भ एक्सप्रेस किंवा सेवाग्राम एक्सप्रेस वर्ध्याकडून धरायची, रात्र गाडीत काढायची. पैसे वाचतात. पण गाडी सकाळी पोचते आणि विमान बहुधा रात्रीचं, मधला अख्खा दिवस मुंबईत बॅगांवर बसून काढावा लागतो. नातेवाईक असतील तर गोष्ट वेगळी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पूर्ण सुरू झाल्यापासून काही जण गाडी करून जातात. त्यांना एवढंच सांगतो की परतीचा ड्रायव्हर रात्रभर जागा राहणार नाही, त्याच्या झोपेची सोय आधी बघा.

उलटा हिशेब

घरून किती वाजता निघायचं, हे विमान उडण्यापासून मागे मागे मोजत यायचं. पुढून मोजलं की माणूस प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी चोरी करतो.

मुंबईहून दुबईचं विमान पहाटे ४:००. परदेशी प्रवासाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे ३:००. इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नसतो म्हणून १:०० ला तिथे हजर. नागपूरचं विमान मुंबईला आदल्या रात्री उशिरात उशिरा १०:३० ला उतरलेलं हवं, म्हणजे बॅग घेऊन, टर्मिनल बदलून, आणि एक तास उशीर झाला तरी जमतं. त्यासाठी नागपूरहून ९:०० चं विमान. तिथे ७:०० ला हजर. पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटर, बसचे साडेतीन तास धरा, म्हणजे ३:३०. बस लगेच मिळेल असं नाही, ३:००. गावाहून तालुक्याला ऑटो, दुपारी २:००.

दुबईला उतरणार तिथल्या ५:५० ला. इमिग्रेशन आणि बॅग धरून ७:०० ला बाहेर, म्हणजे आपले साडेआठ. दुपारी दोन ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, साडेअठरा तास. त्यात दोन्ही विमानांचे मिळून चार तास पन्नास मिनिटं. काकाजींना हे पान वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मंग बाकीचे चवदा तास काय करा लागते?" मी म्हटलं, "काकाजी, बसा लागते." जेवणाचा डबा दोन वेळचा घ्या, एवढं त्यातून त्यांनी बरोबर काढलं. लोणच्याची बरणी मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नका. तेल म्हणजे द्रव पदार्थ, आणि १०० मिलिलिटरच्या वरचं तपासणीत काढून घेतात. ती मोठ्या बॅगेत, प्लॅस्टिकच्या तीन थरांत.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं लेट झालं तर पुढची सोय कंपनी बघते. वेगवेगळी घेतलीत तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काही देणंघेणं नसतं. नोकरीला जाणाऱ्या पोरानं आणखी एक बघावं. पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जायला सरकारी मंजुरी लागते, अशी नोंद) असेल, म्हणजे बहुधा दहावी पास नसेल, तर कामाच्या व्हिसावर जाताना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मंजुरी लागते. ती नसली तर इमिग्रेशनला अडवतात.

येताना

परतीचा हिशेब वेगळा लिहून द्या, जातानाचा उलटा करून चालत नाही. एकच तिकीट असलं तरी भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे बॅग पट्ट्यावरून उचलायची, कस्टममधून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायची. तेव्हा मुंबईला किमान तीन तास मधे हवेत. रात्री अडीचला उतरून सकाळी सातचं नागपूरचं विमान धरलं तर चांगलं जमतं. नागपूरला साडेआठ, बाहेर पडून वर्धा रोडवर नऊ-सव्वानऊ. पांढरकवड्याची बस तिथे हात दाखवून थांबतेच असं नाही, म्हणून सामान जास्त असेल तर गावातून गाडी बोलावून ठेवा, आणि ड्रायव्हरला विमानाची वेळ नका सांगू, बाहेर पडायची वेळ सांगा.